कोड स्लो आहे? आधी बाइट मोजा, मग कोअर मागा

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांवर, अकाउंट मिळालं की पहिल्या आठवड्यात जवळपास सगळे एकच करतात. लॅपटॉपवर चालणारा कोड तसाच्या तसा उचलून तिथे टाकायचा, जॉब स्क्रिप्टमध्ये ४८ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) मागायचे आणि आता झटक्यात होईल म्हणून बसायचं. होत नाही. मागच्या पावसाळ्यात एक पीएचडी करणारी मुलगी असाच कोड घेऊन माझ्याकडे आली, पत्र्यावर उष्णता कशी पसरते त्याचं सिम्युलेशन, २०,००० बाय २०,००० ची ग्रिड, आणि म्हणाली, "दादा, २४ कोअरवर जेवढा वेळ लागतो तेवढाच ४८ वर लागतोय, नोड खराब आहे का?" नोड, म्हणजे क्लस्टरमधला तो एक कॉम्प्युटर, ठणठणीत होता. आम्ही दोघं दुपारभर बसलो आणि कोडमधलं गणित एका अक्षराने न बदलता तो कितीतरी पटीने पळवला. त्या दुपारी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम तिचा एकटीचा नाही, आणि यात काहीही जादू नाही, फक्त हिशोब आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. प्रोसेसरसाठी गणित स्वस्त आहे, डेटाची ने-आण महाग आहे. किती महाग ते आकड्यांत बघू. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या बऱ्याच परम मशीनमध्ये आहे तसा नोड घ्या: झिऑन प्लॅटिनम ८२६८ चे दोन सॉकेट, म्हणजे दोन प्रोसेसर चिप, प्रत्येकात २४ कोअर, २.९ गिगाहर्ट्झ. एक कोअर एका सायकलला, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला, डबल प्रिसिजनच्या (८ बाइटच्या आकड्यांवरच्या) ३२ क्रिया करू शकतो, म्हणजे अख्खा नोड कागदावर साधारण ४,४५० गिगाफ्लॉप (एक गिगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक अब्ज क्रिया). आता मेमरी बघा. सॉकेटला डीडीआर-४ चे सहा चॅनेल, २९३३ स्पीडचे, प्रत्येक ट्रान्सफरला ८ बाइट, म्हणजे सॉकेटमागे सेकंदाला १४१ गिगाबाइटच्या आसपास आणि नोडला २८१. आता एकदम साधा लूप घ्या: अ = ब + एस × क, मोठ्या ॲरेंवर. दर घटकाला दोन क्रिया, आणि त्यासाठी दोन आकडे वाचायचे, एक लिहायचा, म्हणजे २४ बाइट. २८१ ला २४ ने भागा, दोनने गुणा, जेमतेम २३ गिगाफ्लॉप येतात. ४,४५० पैकी २३! म्हणजे अर्धा टक्का. उरलेला साडेनव्याण्णव टक्के प्रोसेसर रॅमकडून माल यायची वाट बघत उभा असतो.

हे दुखणं जुनं आहे, १९९५ मध्ये वुल्फ आणि मकी या दोघांनी त्याला 'मेमरी वॉल' असं नाव दिलं होतं, आणि मोठमोठ्या मशीनही यातून सुटलेल्या नाहीत. जपानच्या फुगाकू या सुपरकॉम्प्युटरने लिनपॅकमध्ये, म्हणजे नुसत्या गणिताचा वेग मोजणाऱ्या टेस्टमध्ये, ४४२ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे दहा लाख गिगाफ्लॉप) दिले, पण एचपीसीजी नावाची जी टेस्ट मेमरीला खरी ताणते तिच्यात १६. अमेरिकेच्या फ्रंटियरने लिनपॅकमध्ये एक्झाफ्लॉप (हजार पेटाफ्लॉप) ओलांडला आणि एचपीसीजीमध्ये १४ पेटाफ्लॉप दिले. म्हणजे लिनपॅकमध्ये कितीतरी मागे असलेला फुगाकू इथे पुढे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे त्याच्या प्रत्येक नोडला सेकंदाला १,०२४ गिगाबाइट देणारी एचबीएम मेमरी चिपशेजारीच बसवलेली आहे. आपल्या पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत अर्का नावाची ११.७७ पेटाफ्लॉपची सिस्टीम २०२४ मध्ये आली, तिच्यावर जी हवामानाची मॉडेलं चालतात तीसुद्धा बरीचशी याच जातीची, ग्रिडवरच्या शेजारच्या ठिपक्यांचे आकडे घ्या, थोडंसं गणित करा, लिहा, पुढे जा.

कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी, स्वयंपाकघरात उभं राहून समजून घेतलं तर कायमचं लक्षात राहतं. एल-वन म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा, हात लांब केला की चमच्यात, चार-पाच सायकल. एल-टू म्हणजे फळीवरचे डबे, बारा-पंधरा सायकल. एल-थ्री म्हणजे कोठीची खोली, पन्नास-साठ सायकल, आणि ही खोली बिऱ्हाडांत, म्हणजे सॉकेटच्या सगळ्या कोअरमध्ये, सामाईक. रॅम म्हणजे वाण्याचं दुकान, चप्पल घालून जावं लागतं, जाऊन येईपर्यंत ८०-१०० नॅनोसेकंद म्हणजे अडीचशे-तीनशे सायकल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाणी एक लवंग देत नाही, पुडी बांधून देतो. तुम्ही ८ बाइटचा एक डबल मागितला तरी ६४ बाइटची पूर्ण पुडी येते, हिलाच कॅश लाइन म्हणतात. पुडीतले आठही डबल वापरले तर फेरी कारणी लागली, एकच वापरून पुडी फेकली तर आठातल्या सात हिश्शांची हमाली फुकट. पुढचं सगळं ट्यूनिंग या एका पुडीभोवती फिरतं.

आता कामाला लागू. पहिल्यांदा नोड ओळखा, लॉगिन नोड नाही, जिथे जॉब पळणार तो कॉम्प्युट नोड, कारण बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेगळे असतात. इंटरॲक्टिव्ह जॉब घ्या आणि 'एलएससीपीयू' चालवा, कॅशचे साइज आणि सॉकेट दिसतील. मग 'न्यूमासीटीएल' हार्डवेअरच्या ऑप्शनसकट चालवा. खाली एक छोटा तक्ता येतो, त्यात १० आणि २१ असे आकडे असतात. १० म्हणजे स्वतःच्या सॉकेटची रॅम, २१ म्हणजे पलीकडच्या सॉकेटची, म्हणजे तीच रॅम पण नदी ओलांडून जावं लागणारी. तुमच्या मशीनवर दोनच गट असतील असं धरून चालू नका, एएमडीच्या एपिक नोडवर बायोसच्या सेटिंगप्रमाणे दोन सॉकेटवर आठ न्यूमा गटसुद्धा (आपापली जवळची रॅम असलेले कोअरचे गट) दिसतात. हा तक्ता वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग 'स्ट्रीम' नावाचा जॉन मॅकॅल्पिन यांचा छोटा बेंचमार्क चालवा. एक सी फाइल आहे फक्त. पण इथे नवखे हमखास फसतात. त्यात ॲरेचा डिफॉल्ट साइज १ कोटी घटकांचा आहे, म्हणजे एक ॲरे ८० एमबी, आणि आपल्या नोडच्या दोन्ही सॉकेटची एल-थ्री मिळून ७१ एमबीच्या पुढे आहे. म्हणजे डेटाचा बराचसा भाग कोठीतच राहतो आणि तुम्हाला वाटतं वाण्याचं दुकान किती फास्ट आहे. नियम असा की प्रत्येक ॲरे सगळ्या एल-थ्रीच्या बेरजेच्या निदान चौपट हवा. मी ८ कोटी ठेवतो, एक ॲरे ६४० एमबी, तिन्ही मिळून दोन जीबीच्या आत बसतात, नाहीतर स्टॅटिक ॲरे दोन जीबीच्या वर गेले की लिंकर ओरडतो आणि मेमरी मॉडेल मीडियमचा फ्लॅग द्यावा लागतो. सगळे कोअर लावून ट्रायडचा, म्हणजे वरच्या अ = ब + एस × क या लूपचा, आकडा बघा. अशा नोडवर सेकंदाला २०० गिगाबाइटच्या आसपास आला तर ठीक आहे. हा आकडा म्हणजे तुमची खरी कमाल मर्यादा, चिपच्या माहितीपत्रकातला गिगाफ्लॉप नाही.

आता कोडचे बाइट मोजा, कागदावर, पेनने. हा भाग कुणी करत नाही आणि खरा फायदा इथेच आहे. त्या मुलीच्या कोडचं काळीज एवढंच होतं:

नवं[आय][जे] = ०.२५ × (जुनं[आय-१][जे] + जुनं[आय+१][जे] + जुनं[आय][जे-१] + जुनं[आय][जे+१])

हे सगळ्या ग्रिडवर. मग दुसरा लूप, नवं आणि जुनं यातला सगळ्यात मोठा फरक काढणारा. मग तिसरा लूप, नवं परत जुन्यामध्ये कॉपी करणारा. मग पुन्हा पहिल्यापासून, हजार वेळा. वाचायला अगदी स्वच्छ कोड, पुस्तकात असतो तसा.

पहिला लूप बघू. पाच ठिकाणी हात लागतोय म्हणून ४० बाइट असं वाटेल, पण तसं नाही, वरची-मधली-खालची अशा तीन ओळी एल-टूमध्ये मावल्या तर प्रत्येक जुना आकडा रॅममधून एकदाच येतो. तीन ओळी म्हणजे ३ × २०,००० × ८ = ४,८०,००० बाइट, एल-टू १ एमबी, मावल्या. मग ८ बाइट वाचायचे, ८ लिहायचे, आणि आणखी ८ छुपे: लिहायच्या आधी प्रोसेसर ती पुडी रॅममधून उचलून आणतो, तिला राइट अलोकेट म्हणतात. झाले २४. दुसरा लूप दोन्ही ॲरे पुन्हा वाचतो, १६. तिसरा कॉपीचा, वाचायचे ८, लिहायचे ८, छुपे ८, धरून चालू २४. एकूण दर ठिपक्याला ६४ बाइट. ठिपके ४० कोटी. म्हणजे एका फेरीला २५.६ गिगाबाइट ने-आण, २०० च्या वेगाने ०.१२८ सेकंद, हजार फेऱ्यांना १२८ सेकंद. यापेक्षा कमी वेळात हा कोड या नोडवर पळूच शकत नाही, कितीही कोअर लावा.

आता कॉपी काढून टाका. दोन पॉइंटर आहेत, फेरी संपली की अदलाबदल करा, जुनं ते नवं, नवं ते जुनं. तीन ओळींचं काम, २४ बाइट वाचले. फरकाचा लूप पहिल्यातच घाला, जुना आकडा तेव्हा ओट्यावरच असतो, नवा तर आत्ताच हातात तयार झालाय, वजाबाकी जवळजवळ फुकटात पडते. १६ बाइट वाचले. उरले २४, आणि हजार फेऱ्यांना ४८ सेकंद. १२८ चे ४८, आणि अजून आपण एकही कंपायलर फ्लॅग बदललेला नाही. मला हे दर वेळी तेवढंच आवडतं, कारण इथे मशीनशी झगडा नाही, आपण फक्त वाण्याकडच्या नको असलेल्या चकरा बंद केल्या.

पण तिचा कोड १२८ च्या जवळपासही नव्हता, त्याच्या वर कितीतरी होता, म्हणजे अजून काही तरी सांडत होतं. तिथे हे करा: कोड १, २, ४, ८, १२, २४ आणि ४८ थ्रेडवर (एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी पळणारे भाग, कोअरमागे एक) पळवा, वेळ लिहा, आणि चित्र बघा. सुरुवातीला वेळ छान निम्मा निम्मा होत जाईल, मग १२ च्या पुढे २४ पर्यंत जवळपास सपाट होईल. घाबरू नका, हे नॉर्मल आहे, एका सॉकेटचे सहा चॅनेल भरून वाहायला सगळे २४ कोअर लागतच नाहीत. पण २४ वरून ४८ वर जाताना, म्हणजे दुसरा सॉकेट सुरू होताना, वेळ पुन्हा निम्म्याच्या जवळ यायलाच हवा, कारण नवे सहा चॅनेल मिळालेत. तिथे सपाट राहिला तर डोळे झाकून पहिला संशय फर्स्ट टचवर घ्या.

फर्स्ट टच म्हणजे काय, तर मॅलॉक केलं, म्हणजे कोडने मेमरी मागितली, की लिनक्स खरी रॅम देत नाही, नुसती सातबाऱ्यावर नोंद करून ठेवतो. मेमरी पानांच्या (सहसा ४ केबीच्या तुकड्यांच्या) हिशोबाने वाटली जाते, आणि जो थ्रेड त्या पानावर पहिल्यांदा लिहितो, त्याच्या सॉकेटच्या रॅममध्ये ते पान ठेवलं जातं, आणि नंतर सहसा तिथेच राहतं. तिच्या कोडमध्ये सुरुवातीला एक साधा लूप होता, सगळी ग्रिड शून्य करणारा, एकाच थ्रेडवर. दोन्ही ॲरेंची जवळपास साडेसहा जीबी सगळी पहिल्या सॉकेटच्या रॅममध्ये जाऊन बसली. मग ४८ थ्रेड निघाले आणि सगळे एकाच दुकानासमोर रांगेत, त्यातले २४ तर नदीपलीकडून आलेले, आणि दुसऱ्या काठावरचं दुकान रिकामं. उपाय एका ओळीचा: शून्य करणाऱ्या लूपवरही तोच ओपनएमपीचा (लूपचं काम थ्रेडमध्ये वाटणाऱ्या सोयीचा) पॅरलल फॉर लावा, आणि शेड्यूल, म्हणजे वाटणीची पद्धत, दोन्हीकडे स्टॅटिक ठेवा, म्हणजे जो थ्रेड ज्या ओळी मांडतो त्याच ओळी पुढे वापरतो. डायनॅमिक शेड्यूल ठेवलं तर वाटणी दर वेळी बदलते आणि सगळं मुसळ केरात. मेमसेटनेही तोच घोळ होतो, एकट्या थ्रेडने मेमसेट मारला की संपलं. कोड तुमचा नसेल, नुसती बायनरी असेल, तर न्यूमासीटीएलला इंटरलीव्ह ऑल सांगून पळवा, पानं दोन्हीकडे आळीपाळीने वाटली जातात. सगळ्यात उत्तम नाही, पण एका दुकानावरची झुंबड तरी मोडते.

आणि हे सगळं थ्रेड जागेवर बसले तरच. मोकळे सोडले तर कर्नल त्यांना इकडून तिकडे हलवतो आणि आपलं सामान पलीकडच्या काठावर राहतं. 'ओएमपी_प्लेसेस' ला कोअर्स आणि 'ओएमपी_प्रोक_बाइंड' ला क्लोज, या दोन ओळी स्क्रिप्टमध्ये कायमच्या टाकून ठेवा. थ्रेड कमी आणि बँडविड्थ जास्त हवी असेल तर क्लोजऐवजी स्प्रेड. स्लर्मबद्दल, म्हणजे क्लस्टरवर जॉब वाटणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, एक सांगायलाच हवं, कारण यात लोकांचे आठवडे गेलेत: २२.०५ व्हर्जनपासून एसबॅचमध्ये (जॉब स्क्रिप्ट सोडणाऱ्या कमांडमध्ये) दिलेलं सीपीयूज पर टास्क हे एसरन (स्क्रिप्टच्या आत प्रोग्राम सुरू करणारी कमांड) आपोआप उचलत नाही, एसरनला ते पुन्हा द्यावं लागतं. नाही दिलं तर वर ४८ कोअर मागितलेले असतात आणि तुमचे सगळे थ्रेड खाली एकाच कोअरमध्ये कोंबलेले. जॉब चालू असताना नोडवर 'टॉप' लावून १ दाबा, कुठले कोअर खरंच पेटलेत ते दिसतं.

तिच्या कोडमध्ये एक दुसरी गळतीही होती. फरक साठवायला तिने ४८ घरांचा एक ॲरे केला होता, प्रत्येक थ्रेडला एक घर, म्हणजे कुणाचं कुणात मिसळणार नाही. विचार बरोबर, पण आठ घरं एकाच पुडीत येतात. एक थ्रेड आपल्या घरात लिहितो तेव्हा बाकीच्या सातांच्या कॅशमधली ती पुडी बाद होते, ते परत मागवतात, लिहितात, पुन्हा बाद, आणि हे दर ठिपक्याला. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. रिझल्ट बरोबर येतो, एरर येत नाही, फक्त कोड रखडतो, म्हणून पकडायला त्रास होतो. ओपनएमपीची रिडक्शन (सगळ्या थ्रेडची उत्तरं शेवटी एकत्र करणारी सोय) वापरा, मॅक्सची सोय तिच्यात आहेच, किंवा लूपच्या आत लोकल व्हेरिएबल ठेवून शेवटी एकदाच बाहेर लिहा.

लूपचा क्रम हा आणखी एक जुना शत्रू. सी मध्ये ओळ सलग असते, म्हणून आतला लूप शेवटच्या इंडेक्सवर, जे वर. फोरट्रानमध्ये स्तंभ सलग, म्हणून आतला लूप पहिल्या इंडेक्सवर. फोरट्रानचा कोड सी मध्ये आणताना हे उलटायचं राहून जातं आणि मग दर पावलाला १,६०,००० बाइटची उडी, पुडीतला एकच आकडा वापरला जातो, शिवाय दर उडीला मेमरीचं नवीन पान. पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी टीएलबी असते, तिच्यात या चिपवर १,५३६ जागा, आणि तुम्ही एका स्तंभात २०,००० पानं चाळताय. जिथे उड्या टळतच नाहीत, मॅट्रिक्स ट्रान्सपोज वगैरे, तिथे साइज ४०९६ किंवा ८१९२ असा दोनाच्या घातातला असेल तर ओळीच्या शेवटी आठ घरं फुकटची जोडा, ४०९६ च्या जागी ४१०४. कारण ४०९६ डबलची ओळ म्हणजे नेमके ३२ केबी, एका स्तंभातले सगळे आकडे एल-वनच्या एकाच खणात जाऊन आदळतात आणि त्या खणात जागा फक्त आठ पुड्यांना, बाकी डबा रिकामा असून उपयोग नाही. आणि ह्यूज पेज चालू आहेत का बघा, सिस-कर्नल-एमएम खाली ट्रान्सपरंट ह्यूजपेजची फाइल असते, तिच्यात जो शब्द चौकटी कंसात असेल ते सेटिंग चालू. 'ऑल्वेज' असेल तर ४ केबीच्या जागी २ एमबीची पानं मिळू शकतात. 'मॅडव्हाइज' असेल तर कोडमधून मागावी लागतात.

पार्टिकलचे कोड असतील तर स्ट्रक्चरकडे बघा. क्ष, य, झ, तीन वेग, वस्तुमान आणि चार्ज, आठ डबल, नेमकी एक पुडी. पण एखादा लूप फक्त क्ष वापरत असेल तर दर पार्टिकलला अख्खी पुडी ओढताय. क्ष चा वेगळा ॲरे, य चा वेगळा असं केलं की सलग वाचन होतं आणि कंपायलरला व्हेक्टरायझेशनही (एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांवर काम) सोपं जातं. मात्र लूप दर वेळी आठही आकडे वापरत असेल, आणि तेही इकडून तिकडून उड्या मारत, तर जुनीच मांडणी चांगली, उगाच बदलू नका.

थ्रीडीमध्ये गेलात की तीन ओळींच्या जागी तीन अख्खे थर मावायला लागतात. ५०० × ५०० चा एक थर २० लाख बाइट, तीन मिळून ६० लाख. एल-टू १ एमबी, एल-थ्रीतला एका कोअरचा वाटा दीड एमबी. नाही मावत. मग प्रत्येक आकडा रॅममधून तीनदा येतो, दर ठिपक्याला २४ च्या जागी ४० बाइट. इथे ब्लॉकिंग करा, मधल्या दिशेचे तुकडे पाडा: तुकडा ४० चा घेतला तर ३ × ५०० × ४० × ८ = ४,८०,००० बाइट, एल-टूच्या निम्म्यात आरामात बसतं. आतला लूप तोडू नका, तो लांब आणि सलगच राहू द्या, त्याने प्रीफेचर (पुढच्या पुड्या आधीच मागवून ठेवणारा प्रोसेसरचा भाग) खूश राहतो. तुकडा किती हवा हे आधी हिशोबाने काढा आणि मग आजूबाजूचे दोन-चार आकडे ट्राय करा. लोक उलट करतात, आकडे ट्राय करत बसतात आणि का चालला हे कधीच कळत नाही.

कंपायलरचं थोडक्यात. ओ-थ्री आणि मार्च नेटिव्ह द्या, पण कंपाइल कॉम्प्युट नोडवरच करा, लॉगिन नोडवर चिप वेगळी असेल तर जॉब इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरतो किंवा मुकाट्याने जुन्या इन्स्ट्रक्शनवर पळतो. जीसीसीला व्हेक्टरायझेशनचा रिपोर्ट मागा, तो कुठला लूप जमला, कुठला नाही ते सांगतो, बहुतेक वेळा अडचण एवढीच असते की दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत असतील अशी त्याला भीती असते, तिथे रिस्ट्रिक्ट लिहिलं की मोकळा होतो. आणि डबलची खरंच गरज नसेल तर सिंगल प्रिसिजन घ्या, बाइट निम्मे म्हणजे वेळ जवळपास निम्मा, फक्त लांबलचक बेरजा डबलमध्येच करा.

मोजमापासाठी 'पर्फ स्टॅट' आहे, पण एका सायकलला किती इन्स्ट्रक्शन झाल्या या आकड्यावर भाळू नका, बॅरियरवर, जिथे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात तिथे, नुसता गोल फिरणारा थ्रेडही तो आकडा छान दाखवतो. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या लोकांनी बनवलेलं 'लिकविड' मिळालं तर त्याचा मेम ग्रुप लावा, रॅमचा खरा वेग सेकंदाला किती गिगाबाइट तो दिसतो. तो स्ट्रीमच्या आकड्याच्या ८०-९० टक्क्यांवर असेल तर ने-आण पूर्ण भरलीये, आता बाइट कमी करणं हाच एक रस्ता. तो खूप खाली असेल आणि तरी कोड स्लो असेल तर दुखणं दुसरीकडे आहे, लेटन्सी (एकेका फेरीला लागणारा वेळ), बॅरियर, नाहीतर फाइल लिहिणं. आमच्या बाबतीत शेवटी वेळ ५० सेकंदांच्या आसपास येऊन थांबला, कागदावरचं उत्तर ४८ होतं, आणि तिथे मी तिला म्हटलं की आता बास, हात लावू नकोस. तिने वहीत ४८ च्या खाली दोन रेघा मारल्या.

शेवटी मेमरी पुरवायची कशी ते, कारण वेग जमला की पुढचा फोन याचाच येतो, "दादा, जॉब मेला, आउट ऑफ मेमरी लिहिलंय." नोडवर १९२ जीबी असतील आणि तुम्ही एमपीआयचे ४८ रँक (स्वतंत्र मेमरी असलेले, एकमेकांना निरोप पाठवणारे प्रोसेस) लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ जीबीच येतात, तेही सिस्टीमचं वजा न करता. प्रत्येक रँक जर ३ जीबीचं तेच ते टेबल वाचून स्वतःजवळ ठेवत असेल तर १४४ जीबी एकाच टेबलाच्या ४८ प्रतींत गेले. सॉकेटमागे एक रँक आणि त्यात २४ थ्रेड असं केलं की प्रती दोनच, ६ जीबी, आणि फर्स्ट टचची कटकटही जवळपास मिटते कारण रँक सॉकेटच्या बाहेर जातच नाही. कोडमध्ये ओपनएमपी नसेल तर एमपीआय-३ मधली शेअर्ड मेमरी विंडो बघा, एका नोडवरचे रँक एकच प्रत वाटून घेतात.

किती मेमरी मागायची हे ठरवताना आधी एक छोटा जॉब पळवा आणि एसॲक्टमध्ये (स्लर्मची जॉबचा हिशोब दाखवणारी कमांड) मॅक्स-आरएसएस, म्हणजे खरंच वापरलेल्या रॅमचा सगळ्यात मोठा आकडा, बघा, टॉपमधला व्हर्ट कॉलम नाही, त्यात मागितलेली पण न वापरलेली सगळी पानं धरलेली असतात. पण मॅक्स-आरएसएसवरही पूर्ण विसंबू नका, स्लर्म तो आकडा डिफॉल्टने ३० सेकंदांतून एकदा बघतो, सगळा डेटा रँक शून्यवर गोळा होतो तो क्षण दोन सेकंदांचा असेल तर नजरेतून निसटतो आणि रिपोर्टमध्ये ४० जीबी दिसत असताना जॉब ९० जीबीवर मारला जातो. त्यापेक्षा प्रोग्रामच्या शेवटी, आणि तो शेवटपर्यंत पोचतच नसेल तर प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर, प्रोक-सेल्फ-स्टेटस ही फाइल उघडून तिच्यातली व्हीएम-एचडब्ल्यूएमची ओळ प्रत्येक रँकने प्रिंट करावी. त्या रँकने आत्तापर्यंत गाठलेली सगळ्यात उंच पातळी त्यात असते, आणि रँक शून्यचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसला की जॉब कुठे मरतोय ते लगेच कळतं.